५८९ बळी आणि शून्य कसोटी : पद्माकर शिवलकर यांची कारकीर्द

थ्रेड.

मद्रासचे चेपॉक मैदान. १९७२-७३ च्या रणजी हंगामाचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध तमिळनाडू. तिसऱ्या दिवशी सकाळी खेळाडू मैदानात उतरले, एक चेंडू टाकला गेला आणि सामना संपला. मुंबईने १२३ धावांनी विजय मिळवून सलग पंधराव्यांदा रणजी करंडक जिंकला होता.

धावफलकावर नजर टाका. मुंबई १५१ आणि ११३. तमिळनाडू ८० आणि ६१. चारही डावांत मिळून अवघ्या ४०५ धावा. त्या खेळपट्टीवर चेंडू पहिल्या दिवसापासून वळत होता. तमिळनाडूकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार असे दोन नामांकित फिरकी गोलंदाज होते, त्यामुळे ती कोणाच्या सोयीची ठरावी हे सांगायला नको. प्रत्यक्षात ती एका पाहुण्याच्या सोयीची ठरली. पहिल्या डावात १६ धावांत ८ बळी, दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी. दुसऱ्या डावातील उरलेले पाच एकनाथ सोलकर यांनी टिपले.

३४ धावांत १३ बळी घेणाऱ्या त्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचे नाव पद्माकर काशिनाथ शिवलकर. मुंबईच्या मैदानांवर ‘पॅडी’. वय त्या वेळी ३२. देशांतर्गत स्पर्धेच्या सर्वोच्च सामन्यात याहून अधिक काय करून दाखवावे, असा प्रश्न कोणालाही पडावा.

भारताच्या कसोटी संघात त्यांना स्थान मिळाले नाही. त्या वर्षी नाही आणि पुढेही कधीच नाही.

आधी संपूर्ण हिशेब पाहू. शिवलकरांचा प्रथम श्रेणीतील पहिला सामना १९६२ चा, ब्रेबॉर्न स्टेडियमवर पाहुण्या आंतरराष्ट्रीय संघाविरुद्ध. मुंबईच्या रणजी संघात ते १९६५-६६ मध्ये आले. एकूण प्रथम श्रेणी सामने १२४, बळी ५८९, सरासरी १९.६९. डावात पाच वा अधिक बळी ४२ वेळा, सामन्यात दहा वा अधिक १३ वेळा. एकट्या रणजी करंडकात मुंबईसाठी ३६१ बळी.

आता दुसरा हिशेब. बिशनसिंग बेदी : ६७ कसोटी सामने, २६६ बळी. प्रथम श्रेणीत १५६० बळी, सरासरी २१.६९. शिवलकरांची सरासरी बेदींपेक्षा नेमकी दोन धावांनी कमी आहे. यावरून शिवलकर श्रेष्ठ ठरतात असे मात्र नव्हे. बेदी जगातील उत्तमोत्तम फलंदाजांना गोलंदाजी करत होते, इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटमध्ये नॉर्दॅम्प्टनशायरसाठी वर्षानुवर्षे घाम गाळत होते. या दोन आकड्यांवरून इतकेच म्हणता येते की तुलना हास्यास्पद नाही.

मग शिवलकरांना एकही कसोटी का मिळाली नाही? नेहमीचे उत्तर एका शब्दाचे : दैव. स्वतः शिवलकरांच्या आत्मचरित्राचे नाव ‘हा चेंडू दैवगतीचा’ असे आहे. खेळाडूने स्वतःच्या आयुष्याकडे असे पाहणे स्वाभाविक आहे, कदाचित शहाणपणाचेही. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र दैवाला हात लावण्यापूर्वी एक कोरडा प्रश्न विचारायला हवा. वर जागा किती होत्या?

या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण क्रिकेटमध्ये नाही. ते सापडते उत्तर अमेरिकेत, बर्फावरच्या हॉकीत.

आइस हॉकीची सर्वोच्च स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग. १९४२ ते १९६७ या पंचवीस वर्षांत तिच्यात फक्त सहा संघ होते : बोस्टन, शिकागो, डेट्रॉइट, माँट्रियल, न्यूयॉर्क, टोरांटो. संपूर्ण कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत हजारो मुले हा खेळ खेळत, आणि शिखरावर संघ सहा. त्यातही गोलरक्षकाची अवस्था सर्वांत बिकट. त्या काळी एक संघ बहुधा एकाच गोलरक्षकावर हंगाम काढी. म्हणजे जगातील सातवा उत्तम गोलरक्षक बेरोजगार नसला, तरी खालच्या लीगमध्ये असे.

ती खालची लीग म्हणजे १९३६ साली सुरू झालेली अमेरिकन हॉकी लीग. तिचे खेळाडू हौशी नव्हते. खेळ हीच त्यांची नोकरी होती. त्यांना पगार मिळे, त्यांचे स्वतःचे प्रेक्षक होते, स्वतःचा काल्डर करंडक होता. जॉनी बोवर नावाच्या गोलरक्षकाने तेथे दहाहून अधिक हंगाम काढले. मधे १९५३-५४ मध्ये न्यूयॉर्कने त्याला वर बोलावले, तो संपूर्ण हंगाम खेळला आणि पुन्हा खाली पाठवला गेला. टोरांटोने त्याला घेतले तेव्हा १९५८ साल उजाडले होते आणि तो तेहतिशी ओलांडून गेला होता. त्यानंतर त्याने टोरांटोसाठी चार वेळा स्टॅनले करंडक जिंकला. खालच्या लीगमधील त्याची ती सारी वर्षे गुणवत्तेच्या अभावाची नव्हती, हे पुढच्या नऊ वर्षांनी दाखवून दिले.

विली मार्शलला मात्र असा उत्तरार्ध लाभला नाही. खालच्या लीगमध्ये वीस हंगाम, १२०५ सामने, ५२३ गोल. वरच्या लीगमध्ये केवळ ३३ सामने, १ गोल. त्याचे विक्रम आजही त्या लीगच्या पुस्तकात शिखरावर आहेत.

१९६७ मध्ये वरच्या लीगने सहाचे बारा संघ केले आणि एका रात्रीत अनेक ‘दुय्यम’ खेळाडू ‘प्रथम दर्जाचे’ झाले. त्यांच्या मनगटात त्या रात्री काही वेगळे शिरले नव्हते. जागा वाढल्या होत्या.

आता परत मुंबईला येऊ. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची भारतीय संघातील जागा ही त्या गोलरक्षकाच्या जागेसारखीच होती : बहुधा एक, आणि बसलेला मनुष्य सहसा न उठणारा. आधी विनू मंकड : ४४ कसोटी, १६२ बळी. मंकड १९५९ मध्ये थांबले. मग बापू नाडकर्णी आणि सलीम दुराणी. नाडकर्णी तर मुंबईकडूनच खेळत, म्हणजे शिवलकर रणजी संघात आले तेव्हा घरातील जागाही आधीच भरलेली होती. ज्या गोलंदाजाने १९६४ मध्ये इंग्लंडविरुद्ध मद्रासला ओळीने २१ निर्धाव षटके टाकली, त्याला बाजूला सारून नवख्याला चेंडू कोण देणार?

नाडकर्णींचा अखेरचा कसोटी सामना १९६८ चा. त्याआधीच, १९६६ च्या शेवटच्या दिवशी, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर वेस्ट इंडिजविरुद्ध वीस वर्षांच्या बेदींनी पदार्पण केले होते. शिवलकर तेव्हा २६ वर्षांचे होते. प्रतिस्पर्धी वयाने मोठा असेल तर वाट पाहता येते. तो सहा वर्षांनी लहान असेल तर वाट पाहण्याला काही अर्थ उरत नाही.

बेदी १९७९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर शेवटची कसोटी खेळले. जागा रिकामी झाली. त्याच सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध मद्रासला दिलीप दोशी यांनी पदार्पण केले, तेही एकतीस वर्षांचे होऊन. दोशींनी ३३ कसोटींत ११४ बळी घेतले, म्हणजे त्यांनाही फार पूर्वीच संधी द्यायला हवी होती. दार उघडले त्या महिन्यात शिवलकरांना ३९ वे वर्ष पूर्ण झाले.

येथे एक शंका उपस्थित होते आणि ती टाळणे बरे नव्हे. ‘एका प्रकारच्या गोलंदाजाला एकच जागा’ हा नियम खरोखर होता का? त्याच काळात भारताने प्रसन्ना आणि वेंकटराघवन या दोन ऑफस्पिनरांना आलटून पालटून, आणि कधी एकत्रही, खेळवले. १९६७ मध्ये बर्मिंगहॅमला तर बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन हे चौघेही एकाच सामन्यात होते. दोन ऑफस्पिनर चालतात, मग दोन डावखुरे का चालू नयेत? याचे एक उत्तर असे की वेंकटराघवन फलंदाजीत तग धरत आणि फलंदाजाजवळचे क्षेत्ररक्षणही उत्तम करत. शिवलकरांची फलंदाजी मात्र नावापुरती होती. हे उत्तर पटण्याजोगे आहे, पुरेसे नाही. बेदी आणि चंद्रशेखर यांची फलंदाजी कोणत्या निवड समितीने पाहून त्यांना घेतले होते?

शिवाय शिवलकर या रांगेत एकटे नव्हते. हरियाणाचे राजिंदर गोयल त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान, त्यांच्यासारखेच डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीत ७५० बळी, त्यांतील ६३७ रणजीतले, सरासरी १८.५८. कसोटी सामने : शून्य. १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध बंगळूरला बेदींना शिस्तभंगावरून वगळण्यात आले, तेव्हा गोयल यांना संघात बोलावले गेले. हीच ती कसोटी ज्यात व्हिव्ह रिचर्ड्स आणि गॉर्डन ग्रीनिज यांनी पदार्पण केले. गोयल यांनी मात्र केले नाही. खेळणाऱ्या अकरांत प्रसन्ना आणि वेंकटराघवन होते. बेदींची जागा एका सामन्यापुरती मोकळी झाली, आणि तीही डावखुऱ्याकडे गेली नाही.

शिवलकरांच्या वाट्याला भारतीय संघाची टोपी आली ती १९७३-७४ च्या श्रीलंका दौऱ्यावर. श्रीलंकेला त्या वेळी कसोटी दर्जा नव्हता, त्यामुळे त्या दौऱ्याची नोंद कसोटीच्या पुस्तकात नाही.

या माणसाचा चरितार्थ कसा चालत होता? विली मार्शलला खालच्या लीगमध्ये पगार होता. रणजी खेळाडूला नव्हता. त्या काळातील मुंबईचा क्रिकेटपटू उपजीविकेसाठी नोकरी करी : बँकेत, रेल्वेत, गिरणी वा कारखान्याच्या कार्यालयात. या संस्था टाइम्स ढालीसाठी आपापसांत लढत आणि त्यासाठी खेळाडूंना नोकरी देत. दिवसाचे काम, संध्याकाळी नेट्स, सामन्यांसाठी रजा. पावसाळ्यात १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग, ओल्या खेळपट्टीवर आणि गुडघाभर गवतात. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजासाठी याहून चांगली शाळा नसेल, आणि याहून कमी पैशांची शिकवणीही नसेल. ‘व्यावसायिक’ हा शब्द या कारकिर्दीला लावायचा तर तो वृत्तीच्या अर्थाने, पैशाच्या नव्हे.

आणि तरीही हे दुय्यम क्रिकेट नव्हते, हे विसरू नये. १९५८-५९ ते १९७२-७३ या पंधरा हंगामांत रणजी करंडक मुंबईबाहेर गेला नाही. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर यांच्यासारखे कसोटीवीर त्या संघात होते. ते कसोटी दौऱ्यांवर गेले की मुंबईचा भार कोणी वाहायचा? जे दौऱ्यावर जात नसत, त्यांनी. एखाद्या साम्राज्याचा इतिहास सेनापतींच्या नावाने लिहिला जातो, पण किल्ले राखणारे कोणी निराळेच असतात. १९७३-७४ मध्ये बंगळूरच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाने पहिल्या डावाच्या आघाडीवर मुंबईला हरवले आणि ती साखळी तुटली.

नांदेड-लातूरकडच्या वाचकाला जागांचा हा हिशेब अधिकच ओळखीचा वाटेल. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. हैदराबादच्या संघाने १९३७-३८ मध्ये रणजी करंडक जिंकलाही, पण त्या क्रिकेटचे केंद्र हैदराबाद-सिकंदराबाद हेच होते. मुदखेडहून सिकंदराबादला रेल्वे जात होती, निवड समितीची नजर उलट दिशेने क्वचितच येत असेल. पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला आणि केंद्र पुण्याला सरकले. आज महाराष्ट्र राज्यात रणजीचे तीन संघ आहेत : मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. विदर्भाला स्वतःचा संघ आहे, मराठवाड्याला नाही. येथील मुलाला पहिली पायरी चढण्यासाठीच दुसऱ्या शहराचा रस्ता धरावा लागतो.

बीडमध्ये जन्मलेल्या संजय बांगर यांनी तो रस्ता रेल्वेच्या संघातून काढला. औरंगाबादचे वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दिकी महाराष्ट्राकडून खेळत राहिले. डिसेंबर २००१ मध्ये इंग्लंडविरुद्ध मोहाली कसोटीत मराठवाड्याच्या या दोघांनी एकाच वेळी पदार्पण केले. हा योगायोग मराठवाड्यातही फारसा कोणाच्या लक्षात नाही. भारताला विजयासाठी दुसऱ्या डावात केवळ ५ धावा हव्या होत्या. त्यासाठी गोलंदाज सिद्दिकी यांना सलामीला पाठवण्यात आले आणि विजयी धाव त्यांच्याच बॅटमधून आली. बांगर एकूण १२ कसोटी खेळले. प्रथम श्रेणीत तीनशेहून अधिक बळी घेणाऱ्या सिद्दिकींची ती पहिली कसोटी होती आणि शेवटचीही.

एक कसोटी आणि शून्य कसोटी, यांतील अंतर कौशल्याच्या मोजपट्टीवर नगण्य असेल. नोंदीच्या पुस्तकात मात्र ते प्रचंड आहे. एक सामना खेळलेल्याला कसोटीपटू म्हणतात, त्याचे नाव यादीत कायम राहते. ५८९ बळी घेणाऱ्याचे नाव शोधण्यासाठी यादी बदलावी लागते.

विली मार्शलच्या लीगने ही अडचण आपल्या परीने सोडवली. हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारा तिचा पुरस्कार मार्शलच्या नावाने आहे. २००६ मध्ये लीगने स्वतःचे सन्मान दालन सुरू केले, तेव्हा पहिल्याच तुकडीत मार्शल आणि बोवर शेजारी शेजारी होते. एकाने वर जाऊन चार करंडक जिंकले, दुसऱ्याने वर एकच गोल केला. त्या दालनात याने फरक पडला नाही.

भारतात ही नोंद प्रथम एका सहकाऱ्याने केली. सुनील गावसकर यांच्या १९८३ च्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात जगभरच्या थोर खेळाडूंवर प्रकरणे आहेत आणि त्यांच्याच पंगतीत शिवलकर आणि गोयल यांच्यावरही. भारताचे कर्णधार असताना या दोघांसाठी निवड समितीचे मन वळवता आले नाही, ही खंत गावसकरांनी पुढे जाहीरपणे व्यक्त केली. नियामक मंडळाला मात्र २०१७ पर्यंत वेळ लागला. त्या वर्षीच्या मार्चमध्ये बंगळूर येथे कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार शिवलकर आणि गोयल यांना एकत्र देण्यात आला. हा मंडळाचा सर्वोच्च सन्मान. शिवलकर तेव्हा ७६ वर्षांचे होते, गोयल ७४. गोयल २०२० च्या जूनमध्ये गेले, शिवलकर ३ मार्च २०२५ रोजी.

मधल्या काळात शिवलकर शिवाजी पार्क जिमखान्यावर मुलांना गोलंदाजी शिकवत राहिले. ते उत्तम गातही असत.

एक गोष्ट मात्र राहिली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी, १९८७-८८ च्या हंगामात, मुंबईला फिरकी गोलंदाजाची गरज पडली. तेव्हा शिवलकरांना पुन्हा बोलावण्यात आले आणि वयाच्या ४७ व्या वर्षी ते दोन रणजी सामने खेळले. त्याच हंगामात मुंबईच्या रणजी संघासाठी एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलाचीही निवड झाली होती. त्याला अकरांत जागा मिळाली नाही. तो राखीव क्षेत्ररक्षक म्हणून अधूनमधून मैदानात येत असे. दोन वर्षांनी, १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये, त्या मुलाने कराचीला पहिली कसोटी खेळली. त्याचे नाव सचिन तेंडुलकर.